नऊ नंबरचा खांब

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आमच्या हिच्यापुढं नाही, साहेबांपुढं नाही. देवापुढं हात जोडले तरी इथवर आलं की मी गुपचूप पुढच्या आरतीकडं वळायचो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत नाही म्हणूनच आधी मी कोण ते ऐकून घ्या. नुसतं पाप ओकून मोकळा होणारा माणूस मी नव्हे. मी काय चीज आहे ते कळल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कसं कळणार?

माझं नाव उत्तम. राहतो भोसरीत. सगळे मामा म्हणतात, साहेबांपासून ते सोसायटीच्या वॉचमनपर्यंत. धंदा म्हणाल तर खांबांना लुगडं नेसवायचा. हसा, हसा — पण खरंच तेवढंच आहे. भूकंपानं तडकलेली इमारत असो, नाहीतर अजून तडकली नाही पण एका धक्क्यात खाली बसेल अशी असो, आम्ही तिचे खांब पाडत नाही. प्लास्टर उडवायचं, तडे भरायचे, काँक्रीट ग्राइंडरनं घासायचं, चारी कोपरे गोल करायचे, रेझिन नावाचं डिंकासारखं रसायन लावायचं आणि वरून कार्बन फायबरचं कापड ताणून गुंडाळायचं. चंद्रकळेसारखं काळंभोर असतं ते. हातात घेतलं तर वाटतं, ह्यानं काय डोंबल होणार? पण वाळलं की खांबाला असं आवळून धरतं, की जमीन हलली तरी आतल्या काँक्रीटला फुटून बाहेर पडायला जागा मिळत नाही. देहूरोडपासून चाकणपर्यंत माझ्या हाताखालून गेलेले खांब उभे आहेत, आणि त्यातला एकही उकललेला नाही. एकही! हे मी छातीठोक सांगतो, आणि ते खरं आहे.

आता ह्या कामातली गोम कुठं आहे? कापड आणि खांब ह्यांच्यामध्ये हवा राहता कामा नये. फुगा राहिला की तेवढ्या जागेपुरतं कापड खांबाला धरत नाही. डोळ्यांना ते दिसत नाही, वरून सगळं सुरेखच दिसतं. मग कळायचं कसं? वाजवून. दुसऱ्या दिवशी रेझिन वाळलं की हलक्या हातानं ठोकत जायचं. भरीव असेल तिथं कोरडा, टणक आवाज येतो. पोकळ असेल तिथं बद्द वाजतं. सापडलं की खडूनं गोल करायचा, बारीक भोक पाडायचं, सिरिंजनं रेझिन भरायचं. कुणी नाणं वापरतं, कुणी छोटी हातोडी. मी नट आवळायचा दहा-अकराचा पाना वापरतो. आणि काय कान होता राव माझा! सुपारीएवढी पोकळी कधी सोडली नाही.

हा कान गावाकडून आणलेला. मी पाटणकडचा, कोयनेच्या अंगाचा. आमच्याकडं जमीन हलण्याचं कुणाला कौतुक नसतं. मांडणीवरची भांडी किणकिणली की आई चुलीपुढून न उठता म्हणायची, "आलाय बघ." पण त्या भांड्यांच्याही आधी मला कळायचं — खालून कुठून तरी लांबून घरघर यायची, आणि मी म्हणायचो, "आये, येतोय." बाजारात माठ घ्यायचा तर आई मलाच पुढं घालायची. मी बोटाच्या पेरानं दहा माठ वाजवायचो आणि एक काढून द्यायचो. कुंभार वैतागायचा. म्हणायचा, "वैनी, ह्येला घरीच ठेवत जावा, माझी मडकी खपंनात." आईला त्याचा केवढा अभिमान! मलाही होताच की. खोटं कशाला बोलू?

पुढं पोटासाठी भोसरीत आलो. एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये बारा वर्षं काढली. पॉवर प्रेस दिवसभर धाडधाड पत्रा कापायचा, आणि कानात घालायला बोळे मिळायचे ते आमच्या खिशात राहायचे. घालायचे कशाला? कान तर माझा पोलादाचा! मग ते वर्कशॉप बंद पडलं, गावी गेलो. तिथं भूकंपानं तडे गेलेल्या एका जुन्या इमारतीचं काम निघालं होतं. मजूर म्हणून लागलो आणि हे काळं कापड पहिल्यांदा पाहिलं. इंजिनिअर होते आमचे साहेब, तेव्हा अगदी कोवळे. मी सहज चालता चालता एक खांब पेरानं वाजवला आणि म्हणालो, "सायेब, हितं पोकळ हाय." त्यांनी तपासलं. होतं. त्यांनी मला तिथून उचललं आणि पुन्हा भोसरीत आणलं, त्यांच्या स्वतःच्या धंद्यात. तेव्हापासून कुठलंही नवीन काम मिळवायचं असलं की साहेब मला बरोबर न्यायचे. "हे आमचे मामा," म्हणायचे, "ह्यांचा कान म्हणजे आमची मशीन."

तर आता तुम्हीच सांगा, ज्याच्या कानाची अशी ख्याती, त्यानं काय करायचं जेव्हा तोच कान —

थांबा. नीट सांगतो.

कान एका दिवसात जात नाही. डावा आधी गेला. ही स्वयंपाकघरातून ओरडायची, मी ढिम्म. म्हणायची, "सोंग करताय! नको ते बरं ऐकू येतं." मी हसून न्यायचो. मग उजव्याचंही बिनसलं. माणूस बोललेलं कळायचं, पण बारीक, टोकदार आवाज गळून पडायला लागले. कुकरची शिट्टी जाईना का, शिट्टीवाचून काय अडतंय? पण एका कामावर मी पाना घेऊन खांबापाशी उभा राहिलो, वाजवलं, आणि टप, टप, टप. वर टप, खाली टप. जिथं मीच मुद्दाम थोडी जागा रिकामी ठेवून पाहिली होती तिथंही टप. सगळं एकसारखं. मी पाना खिशात घातला आणि म्हणालो, "झ्याक झालंय."

सांगायला हवं होतं ना? साहेब चांगला माणूस. त्यांनी कानात घालायचं मशीन आणून दिलं असतं. पण कानात मशीन घालून खांब वाजवणारा मामा? लोक काय म्हणाले असते? झाकली मूठ सव्वा लाखाची — मी मूठ झाकली. आणि लगेच दुसऱ्याच खांबाला मला एक युक्ती सापडली. युक्तीचं नाव मंगल.

मंगल लातूरकडची. नवरा चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, भाड्याची खोली भोसरीतच, आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडं. आमच्याकडं ती रेझिन कालवायची. दोन डबे असतात, एक रेझिनचा, दुसरा ते वाळवणाऱ्या रसायनाचा. काट्यावर तोलून मापात घ्यायचे आणि मंद फिरत्या मिक्सरनं एकजीव करायचे. माप चुकलं तर ते कायमचं चिकट राहतं. आणि कालवल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत लावून संपवायचं, कारण मग ते तापतं, घट्ट होतं, कापडात मुरत नाही. मंगलचं माप कधी चुकलं नाही. टबावर ती स्केचपेननं वेळ लिहायची, किती वाजता कालवलं ते. कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनंच काढलेलं. मी तिला चिडवायचो, "काय गं, रेझिनची पत्रिका मांडतीस काय?" ती म्हणायची, "हो की मामा, जन्मवेळ नको का?"

आणि तिचा कान — आता सांगतो. मी खांब वाजवत असलो की ती जवळ टब घेऊन उभी असायची, पोकळी निघाली तर लगेच भरायला. पोकळ जागा आली की तिच्या कपाळाला बारीकशी आठी पडायची. तिलाही कळत नसावं. निदान मला तसं वाटायचं. मी पाना मारायचो, डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडं बघायचो, आठी पडली की मोठ्यांदा म्हणायचो, "पोकळ! कर गोल." साहेब खडूनं गोल करायचे. भोक पाडलं की आत पोकळी निघायचीच. वर्षभर असं चाललं. वर्षभर साहेबांनी माझ्या कानाची तारीफ केली आणि मी ती घेतली. ह्यात कुणाचं काय बिघडलं? खांब तर पक्के झाले ना? असं मी स्वतःला विचारायचो आणि उत्तरही मीच द्यायचो. इमारती सगळ्या तिच्या कपाळावर पास झाल्यात, हे आज पहिल्यांदा बोलतोय.

पण तेही एक वेळ सोडा. ती नुसती लबाडी होती. खरी गोष्ट पुढंच आहे.

चऱ्होलीकडं एका शाळेचं काम आलं. शेतं गेली, टॉवर आले, त्यांच्यामध्ये तीन मजल्यांची जुनी शाळा. तपासणीत निघालं की तळमजल्याचे खांब कच्चे आहेत, मोठा धक्का आला तर वरचे दोन मजले खाली बसतील. वर पोरं शिकतात हो. सुट्टीत बावीस खांब उरकायचे होते, पण काम लांबलं आणि वरच्या वर्गातल्या पोरी जादा तासाला यायला लागल्या. मी जीव ओतून काम केलं. आजही त्या रस्त्यानं गेलो की रिक्षावाल्याला दाखवतो, "ती शाळा माझी."

नऊ नंबरचा खांब. अकराच्या सुमाराला मंगलनं टब आणून दिला. ताजा, वर वेळ लिहिलेली. मी खांबाला रेझिन लावलं, आणि तेवढ्यात मोठ्या बाई आल्या, म्हणजे मुख्याध्यापिका, संस्थेच्या दोघांना घेऊन. चहा आला. साहेब म्हणाले, "हे आमचे मामा." झालं! मला कुणी असं पुढं केलं की माझं तोंड आवरत नाही. कोयना सांगितली, मांडणीवरची भांडी सांगितली, कुंभार सांगितला. मंडळी हसत होती, मला चेव चढत होता. साहेब फोन आला म्हणून बाहेर गेले होते, तेव्हा मंगल एकदा आली. "मामा, घट्ट व्हायलंय." मी हातानंच तिला गप्प केलं. परत आली. "ते टाकून देऊन नवीन कालवून आणू का?" मी म्हणालो, "मला शिकवू नको." अर्धा तास गेला असेल. मग घाईनं कापड गुंडाळलं. आतली हवा काढायला रोलर ओढला तर तो अडकत होता, मला हाताला स्पष्ट कळत होतं. तरी ओढला. वरून दुसरा हात मारला, काळंशार केलं, सुंदर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी वाजवायची वेळ. मोठ्या बाईंनी कौतुकानं नववीतल्या पोरींचा आख्खा वर्गच खाली आणला, मामांचा कान बघायला. पोरी ओळीनं उभ्या. मी पाना फिरवत एकेक खांब घेत चाललो, आणि चूक अशी झाली की मी मंगलकडं बघायचं विसरलो. पोरींकडं बघत होतो ना! नऊ नंबर वाजवला, "झ्याक," म्हणालो आणि दहाकडं वळलो.

मागून मंगल बोलली. "मामा, नऊ नंबरला पोकळ वाजायलंय."

मी हसलो. "तू आपली कालवायचं बघ. वाजवायचं माझ्यावर सोड." पोरी खुदखुदल्या. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. ही पुढं आली, खांबाच्या कमरेवर बोट ठेवून म्हणाली, "हितं. चांगलं ताटाएवढं हाय." साहेबांनी माझ्या हातातून पाना घेतला, वाजवला, पुन्हा वाजवला. त्यांचा चेहरा बदलला. "मामा," ते म्हणाले, "इथं खरंच पोकळ वाटतंय. तुमच्या कसं लक्षात आलं नाही?"

आता बघा, त्या क्षणाला मला किती वेळ मिळाला असेल? एक श्वास. एका श्वासात माणूस खरं बोलू शकतो. सहज. "साहेब, मला ऐकू येत नाही." झालं की वाक्य. पाच शब्द.

मी काय बोललो ते ऐका. मी हसलो, अगदी शांतपणे, आणि म्हणालो, "मला कळलं न्हाई असं वाटलं व्हय तुम्हाला? मुद्दाम सोडला मी तो खांब. काल हिनं वेळ टळलेलं रेझिन दिलं मला. मी गप राहिलो. म्हटलं, बघू, आपणहून कबूल करते का. बघा, पोकळ हाय म्हणाली. का पोकळ हाय ते न्हाई म्हणाली."

कुठून सुचलं हो मला? विचार करून सुचत नाही असलं. आत कुठं तरी तयारच असणार. कुणी बोट दाखवलं तर कुणाला पुढं ढकलायचं, ते माणूस आधीच ठरवून ठेवत असेल का?

साहेब तिच्याकडं वळले. "मंगल, खरं आहे हे?" तिनं साहेबांकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. कालचे टब डेब्रिजबरोबर टेम्पोतून गेले होते, त्यांच्यावरच्या वेळाही गेल्या होत्या. तिचा शब्द आणि माझा शब्द. एकीकडं मामा, दुसरीकडं रेझिन कालवणारी बाई. ती काहीच बोलली नाही. साहेबांना ते कबुलीसारखंच वाटलं. पोरांच्या शाळेत असली हयगय खपवून घेणार नाही, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले आणि तिला रेझिनवरून काढलं. मग मोठ्या बाई पोरींना म्हणाल्या, "बघा, ह्याला म्हणतात पारख." पोरींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मला स्वच्छ ऐकू आल्या. आणि मला बरं वाटलं. लपवत नाही, फार बरं वाटलं.

त्याच दुपारी नऊ नंबरचा खांब मी स्वतः भरला. भोक पाडताना डावा तळहात कापडावर टेकलेला होता, सहज पाना मारला तर पोकळ जागा हाताखाली थरथरली. आवाज नाही, पण थरथर! मग मी सगळे बावीस खांब हातानं पुन्हा तपासले. आणखी दोन जागा निघाल्या, चवलीएवढ्या. त्याही भरल्या. तेव्हापासून मी असंच काम करतो, डावा हात टेकून. लोकांना वाटतं ही मामांची ढब आहे. आणि हे मी गर्वानं सांगतो, हाताला कानापेक्षा जास्त कळतं. त्या शाळेच्या खांबांना आज कुठंही वाजवा. खांब एकदम चोख आहेत, त्याबद्दल बोलायचंच नाही.

मंगल त्यानंतर आठ दिवस कामावर आली. बादल्या धुवायची, प्लास्टरचे तुकडे गोळा करायची, परात उचलायची. जेवायच्या सुट्टीत माझ्यासमोरच बसायची, भाकरीचं फडकं सोडायची, माझ्याकडं बघायची. काही विचारायची नाही. मला वाटलं, लाजली असेल. खरं म्हणजे असं वाटून घेणं सोयीचं होतं. आठव्या दिवशी, शनिवारी, तिनं हातमोजे धुऊन दोरीवर वाळत टाकले आणि सोमवारी आली नाही. बाकीच्या ठेकेदारांकडं काम मागायला गेली तर तिच्याआधी ही गोष्ट पोचलेली असायची, कारण साहेब ती सगळ्यांना सांगायचे. "आमच्या मामांनी कशी परीक्षा घेतली ऐका!" प्रत्येक नव्या कामावर, प्रत्येक मीटिंगमध्ये. मी शेजारी बसून मान खाली घालायचो, आणि लोकांना तो विनय वाटायचा. एकदा तर मी साहेबांना मध्येच थांबवलं. तुम्हाला वाटेल, खरं सांगायला. छे. ते एक तपशील विसरले होते, तो भरायला.

बरीच वर्षं गेली. परवा चाकणला एका कंपनीत काम होतं. शेड मोठी, खांब पुष्कळ, म्हणून दोन ठेकेदार होते. अर्धे खांब आम्ही, अर्धे दुसरे. जेवण झाल्यावर मी त्यांच्या बाजूला चक्कर मारली, उगीच, दुसऱ्याच्या कामात खोट काढायची मला आवड आहे. तिकडं चार बायका काम करत होत्या आणि त्यांची मुकादम खांब वाजवत होती. डोळे मिटून. हात असा हलका, की पाखरानं चोच मारावी. मी बघतच राहिलो. खांबाच्या एका अंगानं वर, दुसऱ्या अंगानं खाली, एक इंच सुटत नव्हता. मनात म्हटलं, ही कोण बाबा? माझ्यापेक्षा सरस आहे. असं मी आयुष्यात कुणाबद्दल म्हटलेलं नाही. तिनं डोळे उघडले. मंगल होती.

पळून जावंसं वाटलं. पण ती हसली, डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि बायकांना हाक मारली. "इकडं या गं. हे मामा. ह्यांच्याच हाताखाली शिकले मी." त्या पोरी पुढं आल्या आणि एकीमागून एक माझ्या पाया पडल्या. मी काय केलं असेल? मी आशीर्वाद दिले. चौघींना. आणि छाती फुगली होती माझी, खरंच सांगतो, काय कारागीर तयार झालीय, आणि म्हणतेय माझ्या हाताखालची!

पोरी गेल्यावर ती वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आली. मला आधी कळलंच नाही, ती असं का करतेय. उजव्या कानाजवळ येऊन, शब्द सुटा सुटा करत म्हणाली, "मला तवाच माहीत होतं की, मामा."

मी म्हणालो, "काय?"

"तुमच्या कानाचं. वर्षभर. म्हणून तर मी समोर उभी राहायचे, तुमाला माझं तोंड दिसावं म्हणून. शाळेत तुमी बघितलंच नाही माझ्याकडं, म्हणून बोलावं लागलं." तिनं हेल्मेट काखेत मारलं. "त्या दिवशी बी मी साहेबांना बोलले नाही. तुमच्या कानाचं सांगितलं असतं तर माझं खरं ठरलं असतं. पण तुमचं सगळंच गेलं असतं. म्हटलं, तुमी बोलताल. आठ दिवस वाट बघितली मी, तुमी बोलताल म्हणून."

रागानं बोलली असती तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं. रागानं नाही बोलली.

आणि मी? इतकं ऐकून? तुम्हाला वाटलं असेल, आता तरी मामा बोलला असेल. मी म्हणालो, "कसलं गं कानाचं? काय तरीच तुझं." आणि हसलो. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, "बरं," म्हणाली, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि कामाला गेली. मी माझ्या बाजूला परत आलो आणि संध्याकाळपर्यंत खांब गुंडाळले, उत्तम गुंडाळले.

तर आता बोलतो. तिच्यासमोर बोललो नाही, साहेबांसमोर बोललो नाही, तुमच्यासमोर बोलतोय, म्हणजे अजूनही भित्राच आहे. तेही मांडून ठेवतो. चऱ्होलीच्या शाळेत मंगलनं दिलेलं रेझिन ताजं होतं. माप बरोबर होतं, वेळ बरोबर होती. ते माझ्या बडबडीनं वाया गेलं. तिनं दोनदा सांगितलं, मी दोनदा तिला गप्प केलं. रोलर माझ्या हातात होता. परीक्षा-बिरीक्षा काही नव्हती. मला ऐकू येत नव्हतं. ज्या बाईनं वर्षभर माझी लाज राखली, तिला मी चाळीस पोरींसमोर खोटं पाडलं, आणि मला टाळ्या आवडल्या.